अनुदान विचारण्याआधी हप्ता विचारा
(गावातील डाळ मिल आणि सरकारी मदत)



तूर झोडपून झाली की पोती बाजारात नेण्याची घाई सुरू होते. जानेवारीत आपण तूर विकतो आणि आखाडात त्याच तुरीची डाळ दुकानातून किलोकिलोने विकत आणतो. हे उलटे गणित सुलटे करावे, गावातच डाळ करून विकावी, असे आपल्यापैकी अनेकांच्या मनात आहे. विचार चांगला आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने खास गावासाठी छोटी डाळ मिल तयार केली, आणि अशा मिलवर आज कित्येक कुटुंबे पोट भरत आहेत. अशा लहान उद्योगांना सरकारची मदतही मिळत आली आहे.

पण रेडिओवर या विषयावर बोलणे झाले की दुसऱ्या दिवशी येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "साहेब, सबसिडी किती?" या प्रश्नाचे उत्तर मी या पत्रकात देणारच आहे. मात्र त्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, म्हणजे तुमच्याकडून ती होणार नाही.

माझी चूक

2022 साली मी ज्या तालुक्यात काम करत होतो, तिथल्या एका गावात सभेत उभे राहून मी सांगितले, "डाळ मिल घाला, 35 टक्के अनुदान आहे." टाळ्या पडल्या. मी खाली बसलो. अनुदान कुठे जमा होते आणि कधी वळते होते, हे काही मी सांगितले नाही.

त्या गावच्या एका शेतकरीदादांनी मनावर घेतले. कर्ज मंजूर झाले, यंत्र आले, शेड उभी राहिली. अनुदानाचे पैसे आले की तूर घेऊ, असे धरून दादांनी भावकीत आणि शेजारच्या वाडीत तुरीचा सौदा केला, इसारही दिला. मग एका सकाळी ते कार्यालयात आले. "साहेब, अनुदान मंजूर झालं म्हणतात. हातात कधी येणार? लोक तूर घेऊन दारात उभे आहेत."

अनुदान हातात येणार नव्हतेच. ते बँकेत, कर्जाच्या खात्याला जोडून ठेवले जाणार होते. हे मी त्या दिवशी सांगितले, जे सहा महिने आधी सांगायला हवे होते. शब्द मोडू नये म्हणून दादांनी घरातले दागिने गहाण ठेवले. वहिनी मला एकच वाक्य बोलल्या: "कागदावरच्या पैशानं तूर येत नाही साहेब, एवढं पुढच्याला तरी सांगा."

म्हणून हे पत्रक.

अनुदान म्हणजे नेमके काय?

डाळ, मसाला, लोणचे, पापड, गूळ अशा छोट्या प्रक्रिया उद्योगांसाठी केंद्र सरकारने जून 2020 मध्ये प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना सुरू केली. आपल्या राज्यात ती कृषी विभागामार्फत राबवली गेली. सुरुवातीला तिची मुदत 2024-25 पर्यंत होती, ती पुढे 2025-26 पर्यंत वाढवण्यात आली. तेव्हा अर्ज करण्याआधी चालू वर्षाचे आदेश तालुका कृषी कार्यालयात जाऊन पाहून घ्या. योजनांची नावे आणि आकडे बदलतात. 2008 साली जुन्या दोन योजना एकत्र करून पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आला, तेव्हाही असेच झाले. पण या योजनांचा सांगाडा एकच असतो: आधी स्वतःचे पैसे, मग बँकेचे कर्ज, आणि त्यानंतर सरकारचे अनुदान.

2025-26 पर्यंतच्या अन्न प्रक्रिया योजनेतील मुख्य नियम असे होते:

1. पात्र प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के अनुदान. एका उद्योगाला जास्तीत जास्त 10 लाख रुपये.

2. खर्चाचा किमान 10 टक्के वाटा आपण स्वतः घालायचा. बाकीचे बँकेचे मुदत कर्ज. कर्ज न घेता रोखीने यंत्र घेतले तर अनुदान नाही.

3. जागेची किंमत खर्चात धरत नाहीत. बांधकामही पात्र खर्चाच्या 30 टक्क्यांपर्यंतच धरतात.

4. अनुदानाची रक्कम बँकेत आपल्या नावे वेगळी ठेवली जाते. बँक त्या रकमेवर व्याज देत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज घेतही नाही. कर्जाची शेवटची उचल झाल्यावर तीन वर्षांनी, खाते थकलेले नसेल आणि उद्योग चालू असेल, तर ती रक्कम कर्जात वळती होते.

चौथा नियम दोनदा वाचा. खाते थकले किंवा मिल बंद पडली, तर अनुदानही हातचे जाऊ शकते. अनुदान म्हणजे तीन वर्षे नेटाने उद्योग चालवणाऱ्याच्या डोक्यावरचे हलके झालेले ओझे. उद्योग सुरू करायचे भांडवल म्हणून त्याकडे पाहू नका.

हिशेब कसा मांडावा?

आता कागद-पेन्सिल घ्या. आकडे मी नमुन्यासाठी धरले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा, यंत्र, मोटार, चाळणी आणि थोडे बांधकाम मिळून पात्र खर्च 6,00,000 रुपये. आपला वाटा 60,000. कर्ज 5,40,000. अनुदान 2,10,000, पण ते बँकेत. व्याज 11 टक्के आणि मुदत पाच वर्षे धरली, तर पूर्ण कर्जाचा महिन्याचा हप्ता साधारण 11,750 रुपये येतो. अनुदानाच्या वाट्यावर व्याज नसल्यामुळे प्रत्यक्ष बोजा यापेक्षा कमी पडेल. पण हिशेब पूर्ण हप्ता धरूनच करा. पूर्ण हप्ता पेलला, तर अनुदान हा खरा नफा.

वर्षाचे हप्ते झाले 1,41,000 रुपये. हे कुठून येणार?

समजा, लोकांची तूर भरडून देण्याची मजुरी क्विंटलला 600 रुपये मिळते. वीज, तेल, मजूर, यंत्राची झीज यांचे 250 गेले. उरले 350. म्हणजे नुसते हप्ते फेडायला वर्षाला सुमारे 403 क्विंटल तूर भरडली पाहिजे.

आता डाळीचे काम बाराही महिने नसते. तुरीला तेल-पाण्याचा हात लावून ती उन्हात वाळवावी लागते, तेव्हा टरफल सुटते. पावसाळ्यात ऊन नाही, वाळवण नाही. जानेवारी ते मे असा पाच महिन्यांचा हंगाम आणि महिन्याला 25 दिवस काम धरले, तर रोज सव्वातीन क्विंटल तूर आपल्या मिलवर आली पाहिजे. हे झाले फक्त बँकेचे. घरखर्च वेगळा.

म्हणून कोटेशन आणण्याआधी पंचक्रोशीत फिरा. किती एकर तूर असते? आणखी मिल किती आहेत? घरची डाळ करणारे किती आणि सगळी पोती बाजारात नेणारे किती? रोज सव्वातीन क्विंटलचा भरवसा नसेल, तर हरभरा, मूग, उडीदही घेता येईल असे यंत्र पाहा. तेही जमत नसेल, तर सध्या थांबा. थांबण्यात कमीपणा नाही.

तूर घ्यायला पैसे कुठले?

इथेच आमच्या दादांची गाडी रुतली. स्वतः तूर विकत घेऊन डाळ विकायची तर खेळते भांडवल लागते. 2025-26 च्या खरिपासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला 8,000 रुपये होता. त्या भावाने 50 क्विंटल तूर घ्यायची म्हटले तरी 4,00,000 रुपये हवेत. डाळ तयार झाली की दुकानदार उधारी मागतो. म्हणजे एवढे पैसे दीड-दोन महिने अडकले. आणि या खेळत्या भांडवलावर अनुदान नाही. ते फक्त मुदत कर्जातून होणाऱ्या खर्चावर असते.

यावर तीन उपाय सांगतो.

पहिला: पहिला हंगाम फक्त भरडाई करा. तूर लोकांची, मजुरी आपली. यंत्रावर हात बसतो, एका क्विंटलला डाळ किती, चुनी किती पडते ते कळते आणि लोकांचा विश्वास बसतो.

दुसरा: मुदत कर्जाच्या अर्जाबरोबरच खेळत्या भांडवलाची मर्यादा बँकेकडे मागा. प्रकल्प अहवालात त्याचे वेगळे पान असू द्या. मिल उभी राहिल्यावर धावपळ नको.

तिसरा, भगिनींसाठी: अन्न प्रक्रियेचे काम करणाऱ्या बचत गटातील सभासदाला या योजनेत 40,000 रुपयांपर्यंत बीज भांडवल ठेवले होते. ते खेळत्या भांडवलासाठी आणि लहान अवजारांसाठी वापरता येते. मात्र गट ते सभासदाला कर्ज म्हणून देतो, गटाकडे ते परत फेडायचे असते. तालुक्याच्या 'उमेद' कक्षात याची चौकशी करा.

ही कागदपत्रे आधी करून ठेवा

*उद्यम नोंदणी.* 1 जुलै 2020 पासून लहान उद्योगांची ही नोंदणी आधार क्रमांकावर, घरबसल्या आणि फुकट होते. यासाठी कोणी शुल्क मागत असेल तर देऊ नका. या नोंदणीचा एक मोठा फायदा फार थोड्यांना ठाऊक आहे. 2006 च्या कायद्याप्रमाणे, नोंदणी झालेल्या लहान उत्पादकाचा माल घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत, आणि लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत, पैसे दिले पाहिजेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. तेव्हा माल देताना बिल करा, त्यावर तारीख घाला आणि उद्यम क्रमांक छापा. तोंडी व्यवहाराला हा कायदा कितीसा उपयोगी पडणार?

*अन्न सुरक्षा नोंदणी.* डाळ विकायची तर ही हवीच.

*तारण.* लहान उद्योगाच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. अशा कर्जांच्या हमीसाठी 2000 सालापासून स्वतंत्र विश्वस्त निधीही आहे. पण तारण नाही म्हणजे चौकशी नाही असे नव्हे. जुने पीककर्ज थकलेले असेल तर आधी ते मिटवा.

*अर्ज भरणे.* अन्न प्रक्रिया योजनेत प्रकल्प अहवाल आणि अर्जासाठी जिल्हा संसाधन व्यक्तींची मदत ठेवली होती. त्यांचे मानधन सरकार देत असे, आपण द्यायचे नव्हते. मात्र अहवालातला प्रत्येक आकडा स्वतः समजून घ्या. सही तुमची आहे, कर्जही तुमचेच.

शेवटी

ते दादा आज काय करतात, असे तुम्ही विचाराल. दागिने सुटायला दोन हंगाम लागले. तूर विकत घेणे त्यांनी थांबवले आणि निव्वळ भरडाईवर मिल सावरली. चुनी घरच्या जनावरांना होते, उरलेली शेजारी घेऊन जातात. आता वहिनी थोडी डाळ स्वतःची करतात, जेवढी रोखीने विकेल तेवढीच.

गावोगावच्या सभेत मी आता आधी हप्ता सांगतो, मग अनुदान. टाळ्या कमी पडतात. पण सभा संपल्यावर चार जण कागद घेऊन हिशेब करायला बसतात, आणि मला तेच हवे आहे.

तुम्हीही असा हिशेब मांडून पाहा. तुमच्या भागातली भरडाईची मजुरी, तुरीचे क्षेत्र आणि मिलची किंमत पोस्टकार्डावर लिहून कार्यक्रमाच्या पत्त्यावर पाठवा. नाहीतर कागद घेऊन तुमच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे या. आपण बरोबर बसून आकडे तपासू.