ब्रेकची डिस्क कधी बदलायची? : एका न बदलणाऱ्या आकड्याची गोष्ट

दिवाळीत बार्शीला घरी गेले होते. माझा मामेभाऊ पुण्याहून त्याची हॅचबॅक घेऊन आला होता. ही गाडी तो अधूनमधून कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर चालवतो. ट्रॅक जेमतेम दोन किलोमीटरचा, वळणं भरपूर, म्हणजे ब्रेकला उसंत नाही. पुढच्याच महिन्यात त्याला परत जायचं होतं. मी मटेरियल सायन्समध्ये पीएचडी करते, त्यामुळे घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूबद्दल मलाच विचारतात. त्यानेही विचारलं, "ताई, पुढच्या डिस्क अजून एक ट्रॅक डे काढतील ना?"

त्याच्याकडे आकडेही होते. नवी डिस्क २२ मिमी जाडीची. डिस्कवर कोरलेली किमान जाडी १९ मिमी. त्याने व्हर्नियरने मोजलेली जाडी २१.८. "म्हणजे अजून २.८ एमएम आहे की!"

मी विचारलं, मागच्या ट्रॅक डेच्या आधी किती होती? त्याने मोबाईलमधली नोंद काढली. तेव्हाही २१.८.

इथे मला शंका आली. दिवसभर ट्रॅकवर ब्रेक मारून डिस्क झिजलीच नाही? आकडा चांगला होता, पण जरा जास्तच चांगला. संशोधनात असा आकडा आला की आनंद नंतर, आधी उपकरणाकडे बघायचं.

व्हर्नियर काय मोजत होता?

ब्रेक पॅड डिस्कच्या अगदी कडेपर्यंत टेकत नाही. त्यामुळे पॅड घासतो तो पट्टा झिजत जातो आणि बाहेरच्या कडेला न झिजलेला काठ उंच राहतो. जुन्या डिस्कवर बोट फिरवा, काठ लगेच लागतो. व्हर्नियरचे सपाट जबडे बाहेरून लावले की ते दोन्ही बाजूंच्या या काठांवर टेकतात. म्हणजे भावाने दोन्ही वेळा काठच मोजला होता, आणि काठ झिजत नाही. वाचन अचूक होतं, पण प्रश्न वेगळा होता आणि उत्तर भलत्याच गोष्टीचं होतं.

कुर्डुवाडी रोडवरच्या एका गॅरेजमध्ये चाक उतरवलं. मायक्रोमीटरची टोकं काठाच्या आत, पॅड घासतो त्या पट्ट्यावर जातात. काठापासून साधारण १५ मिमी आत, गोल फिरत आठ ठिकाणी मोजलं. आधी शून्य तपासलं, डिस्कवरचा गंज-धूळ पुसली. वाचनं अशी आली:

१९.४६, १९.४५, १९.४४, १९.४२, १९.४१, १९.४२, १९.४४, १९.४६

सरासरी १९.४४. पण इथे सरासरीचा उपयोग नाही. डिस्क सरासरी जागी तुटत नाही, सगळ्यात अशक्त जागी तुटते. त्यामुळे निर्णयासाठी आकडा १९.४१. आणि सगळ्यात जास्त व सगळ्यात कमी यांच्यात ०.०५ मिमीचा फरक आहे, तोही बघा. भाऊ म्हणत होता की जोरात ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं. लोक याला "डिस्क वाकली" म्हणतात. बऱ्याचदा डिस्क वाकलेली नसते. तिची जाडी गोलाईत सारखी नसते, किंवा पॅडचा थर तिच्यावर असमान बसलेला असतो. शतांश मिलिमीटरमधला फरकही पायाला आणि हाताला कळतो.

मिस्त्री म्हणाले, "मॅडम, लेथवर हलकं फेसिंग मारू, थरथर जाईल." गेली असती. पण फेसिंग म्हणजे अजून धातू काढणं, आणि काढायला आता उरलं होतं ०.४१ मिमी.

०.४१ मिमी पुरेल का?

किमान जाडीचा अर्थ "इथपर्यंत वापरा आणि मग बघू" असा नाही. पुढचा वापर संपतानाही डिस्क त्या जाडीच्या वरच असली पाहिजे. म्हणून हिशोब असा मांडायचा:

आजची सगळ्यात कमी जाडी – पुढच्या वापरातली अपेक्षित झीज – मोजणीतली चूक > किमान जाडी

अपेक्षित झीज काढायला जुनी वाचनं लागतात, आणि आमची जुनी वाचनं काठाची, म्हणजे निरुपयोगी. मग वरची मर्यादा काढली. या डिस्क नव्या बसवल्यापासून पाच ट्रॅक डे झाले होते. एकूण झीज २२ वजा १९.४१, म्हणजे २.५९ मिमी. सगळी झीज ट्रॅकवरच झाली असं धरलं तर दर वेळी साधारण ०.५२. पुढच्या दिवसानंतर १८.८९, म्हणजे किमान जाडीच्या खाली. रोजच्या रस्त्यावरची झीज वजा केली तर आकडा जरा सुधारेल, पण सुरक्षिततेचा प्रश्न असताना अंदाजाची चूक कोणत्या बाजूला झालेली परवडते, ते आधी ठरवायचं असतं.

झीज दिसते त्यापेक्षा जास्त का असते?

२२ वरून १९ म्हणजे १४ टक्के झीज, असं वाटतं. पण पुढच्या डिस्क बहुतेक पोकळ असतात: दोन चकत्या, मध्ये फासळ्या आणि हवा जायला फट. समजा फट १० मिमी आहे. मग लोखंड फक्त १२ मिमी, आणि त्यातलं ३ गेलं. म्हणजे चकत्यांचा चौथा हिस्सा संपला! आपण जाडी मोजतो तेव्हा त्यात हवाही मोजतो.

याचा परिणाम तापमानावर होतो. १००० किलोची गाडी ताशी १२० किमीवरून ४० वर आणली, तर सुमारे ५ लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत जाते. त्यातली ७० टक्के पुढच्या चाकांवर धरली तर एका डिस्कच्या वाट्याला पावणेदोन लाख. घासणाऱ्या भागाचं वजन ४ किलो आणि बिडाची विशिष्ट उष्णता किलोला ५०० ज्यूल धरली, तर एका ब्रेकमध्ये तापमान जवळपास ९० अंशांनी चढतं. झिजलेल्या डिस्कमध्ये तेच ११० च्या आसपास. थंड व्हायला पुरता वेळ मिळायच्या आत पुढचं वळण येतं, आणि असं फेरीमागून फेरी चालतं.

येडशी-रामलिंगच्या घाटात उतरताना ब्रेक सावकाश, बराच वेळ तापतात. ट्रॅकवर डिस्कचा पृष्ठभाग क्षणात तापतो आणि सरळ रस्त्यावर लगेच निवतो. तापलेला पृष्ठभाग प्रसरण पावू बघतो, आतला थंड भाग त्याला अडवतो, त्यामुळे पृष्ठभाग दाबला जाऊन कायमचा बदलतो. निवताना तोच पृष्ठभाग ताणला जातो. बिडातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता चांगली वाहते, पण ताण आला की भेगा तिथूनच सुरू होतात. याला औष्णिक श्रांती म्हणतात.

म्हणून आधी भेगा, मग जाडी

ट्रॅकवरची डिस्क बऱ्याचदा किमान जाडी गाठायच्या आधीच भेगांनी संपते. त्यामुळे तपासणीचा क्रम असा ठेवायचा:

१. भेग बाहेरच्या किंवा आतल्या कडेपर्यंत, किंवा एखाद्या भोकापर्यंत पोचली आहे का? असेल तर डिस्क तिथेच बाद, जाडी कितीही असो.
२. भेगेवर नख अडकतं का? अडकत असेल तर ट्रॅकवर नेऊ नका. नुसती केसासारखी बारीक जाळी चालते, पण प्रत्येक वेळी तपासायची.
३. यातून पास झाली तरच मायक्रोमीटर हातात घ्यायचा.

खरं सांगायचं तर मीही क्रम चुकवला. आकड्यांच्या नादात आधी जाडी मोजली आणि नंतर बॅटरीचा उजेड तिरका पाडून पृष्ठभाग बघितला. डाव्या डिस्कवर एक भेग केंद्राकडून बाहेर गेलेली, कडेला टेकलेली. नख सरळ अडकत होतं. माझी सगळी वजाबाकी त्या क्षणी बिनकामाची ठरली. डिस्क २१ मिमीची असती तरी निर्णय तोच झाला असता.

भाऊ दिवसभर घुश्श्यात होता. दोन डिस्क आणि नव्या पॅडचे पैसे, वर "ताईने ट्रॅक डे बुडवला". संध्याकाळी त्याने स्वतःच नख लावून बघितलं आणि गप्प बसला. आता प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी आणि नंतर तो आठ वाचनं लिहून ठेवतो.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना एक सांगते. कोणता आकडा किंवा कोणती खूण दिसली तर मी माझं मत बदलेन, हे मोजायच्या आधी वहीत लिहा. मोजून झाल्यावर ठरवायला बसलात की मन सवलत मागतं, विशेषतः तिकीट काढून झालेलं असेल तर.

आणि एक गृहपाठ. जवळच्या गॅरेजमधून टाकून दिलेली एक डिस्क मागून आणा. व्हर्नियरने बाहेरून मोजा, मायक्रोमीटरने आत आठ ठिकाणी मोजा, दोन्ही आकडे शेजारी लिहा. फरक का आला हे एका परिच्छेदात लिहिता आलं, तर मोजमाप या विषयाचा पहिला धडा झाला समजा.