खर्जाचा सूर, बेताचा खिसा

कोलाडच्या आमच्या घरात यंदा बास गिटार आली. पुतण्याने ती साठवलेल्या पैशांतून घेतली. ॲम्प्लिफायरचा खर्च मात्र घरखर्चातून निघायचा होता. ‘एकदाच मोठा घ्या,’ असे वहिनींचे म्हणणे. मी लहानच सुचवला.

बासची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. साध्या गिटारची ८२ वेळा. हा खर्ज साध्या गिटारच्या छोट्या ॲम्पला पेलत नाही. आवाज वाढवला की तो फरफरतो, स्पीकर फाटूही शकतो. म्हणून बाससाठीच बनवलेला, ८ इंची स्पीकरचा, १५-२० वॉटचा ॲम्प घ्यावा. घरातल्या रियाजाला तो पुरतो. ड्रमच्या जोडीला १०० वॉटही तोकडे पडतील. पण ते पुढचे पुढे.

हेडफोनची सोय मात्र हवीच. खर्ज भिंत ओलांडतो आणि पलीकडे शेजाऱ्यांची मुलगी दहावीच्या अभ्यासाला बसते. दोघांचेही चालले, तरच हा छंद घरात टिकेल.

जुना ॲम्प घेणार असाल तर बास सोबत न्या. जाड तार छेडून, आवाज हळूहळू वाढवून ऐका. सूर फाटला तर स्वस्ताईला भुलू नका. वाचलेल्या पैशांतून दोन महिन्यांची शिकवणी सहज निघेल.