कल्पित संकराचा रंग

कादंबरीकार, चित्रकार किंवा संगणकावरच्या खेळाची दुनिया रचणारा कुणी दोन प्राण्यांचा संकर कल्पितो, तेव्हा रंगाचा प्रश्न तो बहुधा शेवटी आणि घाईघाईत सोडवतो. आई लाल, बाप काळा, म्हणून पिल्लू चॉकलेटी. आई साधी, बाप पट्टेरी, म्हणून पिल्लाला निम्मे पट्टे. माझं म्हणणं असं की या सवयीने विज्ञानाचं फारसं बिघडत नाही, कल्पनेचंच जास्त नुकसान होतं. रंग सरासरीने ठरत नसतो. याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. लाल गीर गाईला काळ्या-पांढऱ्या होल्स्टिन वळूचं रेतन दिलं, तर कालवड अधल्यामधल्या रंगाची होत नाही. ती बहुतेकदा काळीच निपजते, पांढरं असलंच तर पोटाखाली नाहीतर कपाळावर. काळ्याची एक प्रत लालवर मात करते, आणि लाल गुपचूप पुढच्या पिढीसाठी शिल्लक राहतो.

सस्तन प्राण्याच्या केसात रंगद्रव्यं दोनच: काळं-तपकिरी युमेलॅनिन आणि लाल-पिवळं फिओमेलॅनिन. पांढरा म्हणजे दोन्हींचा अभाव. निळा केस कुठल्याच सस्तन प्राण्याला नाही. मँड्रिलच्या तोंडावरचा निळा कातडीचा असतो आणि स्लॉथचा हिरवा केसांत वाढलेल्या शेवाळाचा. इतक्या तुटपुंज्या सामग्रीतून एवढं वैविध्य निघतं, ते निर्णयांच्या क्रमामुळे. रंगपेशी गर्भाच्या पाठीच्या कण्यालगत जन्मतात आणि तिथून अंगभर पसरत जातात. त्या जिथे पोचल्या नाहीत तिथे पांढरं. म्हणून पांढरे डाग पाय, पोट आणि कपाळावर अधिक. पोचलेल्या पेशीने काळं करायचं की लाल, हे एमसी-१-आर नावाच्या जनुकाच्या हाती; त्याला शरीराच्या कुठल्या भागात आणि केसाच्या कुठल्या टप्प्यावर थांबवायचं, हे अगूटी जनुकाच्या हाती. फिकेपणा आणणारी जनुकं यानंतर कामाला लागतात. पहिल्याच निर्णयात ‘पेशी पोचली नाही’ असं ठरलं, तर पुढचे सगळे निर्णय वाया.

आता एक कल्पित जनावर घेऊ: काठेवाडी घोडी आणि झेब्रा यांच्या संकरातून उभी राहिलेली जात. काठेवाडी मुद्दाम निवडली, कारण डार्विनने १८५९ च्या ग्रंथात याच घोड्यांच्या अंगावर पट्टे दिसतात असं नोंदवलं आहे. पाठीवरची काळी रेघ आणि पायांवरच्या आडव्या पट्ट्या ही डन जनुकाची खूण. तिला झेब्र्याची गरज नाही. म्हणजे आपल्या शिंगराच्या पायावर पट्टे दिसले, तर ते बापाचे की आईचे, हा प्रश्न आधीच गुंतागुंतीचा झाला. अंगावरच्या पट्ट्यांचं काय? एडिंबरोजवळ पेनिक्विक इथे जेम्स कोसर यूअर्ट यांनी मॅटोपो नावाच्या झेब्र्यापासून एका पोनी घोडीला १८९६ साली शिंगरू मिळवलं, त्याचं नाव रोम्युलस. त्याचे पट्टे बापाच्या निम्मे नव्हते, उलट संख्येने जास्त होते, आणि त्यांची मांडणी बापापेक्षा सोमालीलँडच्या झेब्र्याकडे झुकणारी होती. १९७७ मध्ये जे. बी. एल. बार्ड यांनी सुचवलेली उपपत्ती इथे उपयोगी पडते. पट्टे गर्भावर ठरावीक अंतराने आखले जातात. ते तिसऱ्या आठवड्यात आखले तर थोडे आणि रुंद, पाचव्यात आखले तर तोवर गर्भ वाढलेला असल्याने पुष्कळ आणि अरुंद. संकरात बहुधा ही वेळच हलते. चित्रकाराने पट्टे मोजण्याआधी घड्याळ कुठे लावायचं ते ठरवावं.

घोडी अबलख असेल तर गंमत आणखी वाढते. जर्मनीतल्या एका सफारी पार्कमध्ये एक्लिस नावाची संकरित मादी होती. तिचं अंग बरंचसं पांढरं, पण चेहऱ्यावर आणि मागच्या भागावर जिथे रंगाचे ठिपके, तिथे तेवढेच झेब्र्याचे पट्टे. ती पाहून अनेकांना चित्र रंगवून काढल्यासारखं वाटलं. वस्तुतः पट्ट्यांचा आराखडा अंगभर असणार. रंगपेशी मोजक्या ठिकाणीच पोचल्या, म्हणून तो तेवढाच दिसला.

यावर पहिला आक्षेप असा: मधल्या छटा असतातच की. असतात. तांबड्या घोड्याला क्रीम जनुकाची एक प्रत मिळाली की तो सोनेरी होतो, पॅलोमिनो. दोन मिळाल्या की जवळजवळ पांढरा, निळ्या डोळ्यांचा क्रिमेलो. पण दोन पॅलोमिनोंची जोडी लावा: सरासरी चार शिंगरांत एक तांबडं, दोन सोनेरी, एक क्रिमेलो. खरंच मिसळलेला रंग असा पुन्हा वेगळा झाला नसता.

दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो: एवढे नियम पाळले तर नवलाईला जागा कुठे? लेपर्ड कॅट ही आपल्या सह्याद्रीतही आढळणारी रानमांजर. तिचा पाळीव मांजरांशी संकर करून बेंगाल ही जात तयार झाली, आणि तिच्यात ‘चारकोल’ नावाचा रंग निघाला: तोंडावर गडद मुखवटा, पाठीवर रुंद काळी झूल. २०१४ च्या संशोधनाने दाखवलं की अगूटी जनुकाची रानमांजरीकडची प्रत आणि पाळीव मांजराची काळी करणारी प्रत एकत्र आल्या की हे रूप बहुधा दिसतं. दोन्ही घराण्यांत नसलेला रंग, आणि तरी संपूर्ण नियमात. असा मुखवटा नुसत्या मिसळीतून सुचला असता का? मला शंका आहे.

राहिला प्रजननाचा मुद्दा, आणि इथे बहुतेक रचना कोसळतात. घोड्याची गुणसूत्रं ६४, मैदानी झेब्र्याची ४४. शिंगराच्या वाट्याला ५४ येतात आणि ते बहुधा वांझ राहतं. वांझ ठेवायचं असेल तर पहिली पिढी रंगवली की काम संपलं. पण ‘जात’ म्हणायची असेल, तर निदान नातवंडांपर्यंतचा तक्ता मांडायलाच हवा, कारण पहिल्या पिढीत दबलेले रंग तिथे वर येतात. उत्तर अमेरिकेतल्या लांडग्यांमध्ये काळा रंग कुत्र्यांशी झालेल्या जुन्या संकरातून आला, हे २००९ मध्ये सिद्ध झालं. संकर विसरला गेला, रंग टिकला. अशी जात रचणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे: दोन तांबड्या घोड्यांपोटी काळं शिंगरू जन्माला घालणार असाल, तर त्याचं कारण कथेतच द्या.