मूल ‘सांगू’ लागते तेव्हा

आपल्या रुग्णालयाच्या बालरोग विभागात येणाऱ्या माता ताप, खोकला, लसीकरण यांविषयी मोकळेपणाने विचारतात. तपासणी आटोपून निघताना मात्र काहीशा संकोचाने आणखी एक प्रश्न पुढे येतो : मूल दोन वर्षांचे झाले, अजून शी-शू सांगत नाही, काय करावे? सोबतच्या आजीचे मत बहुधा तयारच असते. “आमची पोरं वर्षाच्या आत सांगायची.” हा विषय वार्षिक अहवालाच्या पानांवर यावा इतका मोठा आहे काय, असे आमच्या हितचिंतकांना वाटू शकेल. परंतु या सवयीसाठी केलेली घाई आणि दाखविलेला धाक यांतून बद्धकोष्ठ जडलेली मुले आमच्या बाह्यरुग्ण विभागात येत असतात, म्हणून तो येथे थोड्या विस्ताराने मांडीत आहोत.

आजीचे म्हणणे खोटे नसते. पूर्वी बाळाचे दूध पिऊन झाले की घरातील वडीलधारी स्त्री पाय पसरून त्यावर बाळाला धरीत असे आणि तोंडाने ‘शूऽ’ असा आवाज काढीत असे. ठरावीक वेळ, ठरावीक आवाज आणि हाताशी असलेली चार माणसे यांमुळे दुपटी कोरडी राहत. यात गैर काही नाही, जबरदस्ती नसेल तर आजही तसे करण्यास हरकत नाही. मात्र ही सवय बाळापेक्षा आजीलाच अधिक लागलेली असे, हे ध्यानात घ्यावे. स्वतःहून ओळखणे, थोडा वेळ धरून ठेवणे आणि जागेवर जाऊन सोडणे ही पुढची पायरी आहे.

मूत्राशय भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचणे आणि तेथील स्नायूंवर ताबा येणे, यांस सर्वसाधारणपणे दीड वर्षानंतर सुरुवात होते. दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुले दिवसा कोरडी राहू लागतात. मुलींच्या मानाने मुलांना थोडा उशीर लागतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझेल्टन यांनी १९६२ साली १,१७० मुलांच्या नोंदींवर आधारलेला लेख प्रसिद्ध केला. मुलाची तयारी पाहून, सक्ती न करता चालणारी पद्धत त्यांनी त्यात मांडली, आणि त्या मुलांना दिवसाची सवय सरासरी २८ महिन्यांच्या सुमारास लागल्याचे दिसले. बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आजही बव्हंशी याच दिशेचा असतो.

तेव्हा वाढदिवस मोजण्यापेक्षा मुलाकडे पाहावे. लंगोट वा चड्डी सलग दोन तास कोरडी राहते काय? मूल नीट चालते, बसते, चड्डी खाली ओढण्याची खटपट करते काय? “चेंडू आण आणि बाबांना दे” एवढे सांगितलेले त्याला कळते काय? ओले झाल्यावर ते कुरकुरते काय? पुष्कळ मुले शी लागली की दाराआड किंवा पलंगामागे जाऊन उभी राहतात. मुलाला आतले कळू लागले आहे, याची ती ठळक खूण होय. यांतील बहुतेक गोष्टी दिसू लागल्या की आरंभ करावा. नसतील तर महिना-दोन महिने थांबावे.

अडचण बहुधा जून महिन्याची असते. बालवाडीत प्रवेश घेताना मूल ‘सांगते का’ असे विचारले जाते आणि मे महिन्यात घरोघरी धावपळ सुरू होते. शाळेचा अर्ज मुलाच्या मज्जातंतूंना वाचता येत नाही! उन्हाळा मात्र अन्य कारणाने सोयीचा आहे. महाबळेश्वर, जावळी, पाटण या भागांत पावसाळाभर कपडे वाळत नाहीत, त्यामुळे तेथे फाल्गुन-चैत्रात आरंभ केलेला बरा. याउलट माण, जत, आटपाडीकडे उन्हाळ्यातच पाण्याची ओढ असते. तेथील मातेला दिवसाला सहा चड्ड्या धुवा असे सांगणे सोपे नाही, तिने दिवाळीनंतरचे दिवस निवडावेत. घरात नवे बाळ आले असेल, आजारपण असेल किंवा स्थलांतर झाले असेल, तर विषय लांबणीवर टाकावा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली परिसरातील असंख्य कुटुंबांना घर सोडावे लागले. अशा प्रसंगी सांगू लागलेले मूलही पुन्हा कपडे ओले करते. तो हट्ट नव्हे.

आता जागेविषयी. तासगाव तालुक्यातील अंजनीचे सुपुत्र कै. आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि गावोगावी शौचालये उभी राहिली. पण ती मोठ्यांच्या मापाची आहेत. दोन वर्षांच्या मुलाला ते भांडे खोल भासते, अंधार आणि पाण्याचा आवाज भिववितो. त्यामुळे आरंभी प्लास्टिकचे लहान भांडे घरातच ठेवावे, पाय जमिनीला टेकतील असे बसवावे आणि जेवणानंतर पाच मिनिटांपेक्षा अधिक अडकवून ठेवू नये. झाले तर कौतुक करावे, न झाले तर काही बोलू नये. भांड्यातील मैला उकिरड्यावर न टाकता शौचालयातच टाकावा व हात साबणाने धुवावेत. लहान मुलाची शी निरुपद्रवी असते हा समज चुकीचा आहे, तिच्यातूनही जुलाबाचे जंतू पसरतात. गळीत हंगामात आपल्या भागातील कारखान्यांच्या परिसरात कोपी बांधून राहणाऱ्या ऊसतोड कुटुंबांना तर आम्ही हेच प्रथम सांगतो.

आमच्या डॉक्टरांना सर्वाधिक काळजी वाटते ती शी धरून ठेवणाऱ्या मुलांची. एकदा कडक शी होऊन दुखले, किंवा भांड्यावर बसवून रागावले, की मूल शी रोखू लागते. पाय आवळून, अंग ताठ करून ते उभे राहते आणि पालकांना वाटते की ते जोर करीत आहे. साठलेला मळ आणखी कडक होतो आणि अधिक दुखवितो. पुढे त्याच्या कडेने पातळ शी चड्डीत झिरपते, घरचे त्यास जुलाब समजून औषध देतात किंवा मुलास घाणेरडे म्हणून मारतात. वास्तविक ते मुलाच्या हातात नसते. विड्याच्या पानाचा देठ, साबणाची कांडी, एरंडेल हे उपाय घरी करू नयेत, त्याने भीती वाढते. डॉक्टर साठलेला मळ मोकळा करून शी मऊ ठेवणारे औषध देतात व ते कित्येक महिने चालते. बरे वाटताच मध्येच बंद केले की सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. दुधाचे प्रमाण बेताचे ठेवून भाजी, फळे व पाणी वाढविणे हाही उपचाराचाच भाग आहे. हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तरी दाखल करून द्यावयाच्या एनिमापेक्षा वेळेवर दिलेला सल्ला फार स्वस्त पडतो.

रात्रीचा प्रश्न निराळा. पाच वर्षांपर्यंत झोपेत अंथरूण ओले होणे हा आजार नव्हे. परंतु चार वर्षांनंतरही दिवसा कपडे ओले होत असतील, लघवी सतत थेंबथेंब गळत असेल, मुलाची धार बारीक असेल, शौचात रक्त दिसत असेल, तर मुलास अवश्य दाखवावे. चांगले कोरडे राहणारे मूल अचानक अंथरूण भिजवू लागले, त्यास फार तहान लागून ते रोडावत चालले, तर एक दिवसही थांबू नये. लहान मुलांतील मधुमेह असा सुरू होऊ शकतो. हा प्रश्न निघताना उंबऱ्यावर विचारण्याऐवजी डॉक्टरांसमोर बसताच विचारावा, ही पालकांना विनंती.