टाचणीवरचा निळा रंग

पावसाळ्याच्या अखेरीस बागेत दिसणारा मोठा चांदवा, म्हणजेच ‘ग्रेट एगफ्लाय’. नराचे पंख काळे, त्यावर पांढरे ठिपके आणि ठिपक्यांभोवती जांभळट निळी झळाळी. मादी मात्र ‘कॉमन क्रो’ या फुलपाखराची नक्कल करते. कण्हेरीसारख्या चिकाच्या झाडांवर वाढलेला क्रो पक्ष्यांना बेचव लागतो. त्याच्या नावावर मादी तगून जाते.

नराचा हाच निळा रंग संग्रहालयाच्या खणात निस्तेज दिसतो, तेव्हा ‘रंग उडाला’ असे म्हटले जाते. पण उडतात ती रंगद्रव्ये. हा निळा रंगद्रव्याचा नाहीच. पंखांवरच्या खवल्यांत कायटिन आणि हवा यांची अतिसूक्ष्म रचना असते. तिच्या थरांवरून परतलेल्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून निळा उठून दिसतो. साबणाच्या फुग्यावरचे रंग याच जातीचे. म्हणून दक्षिण अमेरिकेतल्या मॉर्फो फुलपाखरांचे शंभर वर्षांपूर्वीचे नमुने आजही निळे आहेत. त्यावर अल्कोहोलचा थेंब टाकला, तर खवल्यांतली हवेची जागा भरते आणि निळा हिरवा होतो. थेंब वाळला की पुन्हा निळा!

मग मेल्यावर जाते काय? हालचाल. चांदव्याची झळाळी ठरावीक कोनातूनच दिसते. जिवंत नर मादीपुढे पंख हलवतो, तशी ती पेटते आणि विझते. टाचणीने सपाट बसवलेल्या पंखाला एकच कोन उरतो. शिवाय या झळाळीचा मोठा भाग अतिनील आहे. माणसाच्या डोळ्यातले भिंग अतिनील किरण अडवते. (पूर्वी मोतीबिंदू काढल्यावर कृत्रिम भिंग बसवत नसत, अशा रुग्णांना त्यातले थोडे दिसे.) चांदव्याच्या मादीला ते दिसते आणि तेजस्वी नरच तिला पसंत पडतो, असे प्रयोगांत आढळले आहे.

हेन्री बेट्स याने अॅमेझॉनच्या फुलपाखरांवरून नकलेचा सिद्धान्त 1862 मध्ये मांडला. तेव्हापासून नकलांची तुलना बहुतेक खणातल्या नमुन्यांवर होत आली. ईशान्य भारतातला ‘ग्रेट ब्लू माइम’ तर ‘स्ट्राइप्ड ब्लू क्रो’च्या निळ्या झाकेचीही नक्कल करतो. अशी जोडी सपाट ठेवून ताडली, तर पक्ष्याला उडताना दिसते त्यातले निम्मेही हाती लागत नाही. नमुना निदान वेगवेगळ्या कोनांत कलवून तपासायला हवा.

बागेत चांदवा बसलेला दिसला, तर जरा बाजूला सरकून पाहावे. एका पावलावर निळा, पुढच्या पावलावर नुसता काळा.