साडेतीन टक्के

सकाळी ७
ग्योटिंगेनच्या औद्योगिक वसाहतीत तासावर लिफ्ट भाड्याने देणारं एक गॅरेज आहे. हत्यारं त्यांची, हात आपले. आमची फोक्सवागन टी-३ कॅम्पर लिफ्टवर चढते. इंजिन मागे, थेट पलंगाखाली: १,५८८ सीसीचं टर्बो डिझेल, ७० हॉर्सपॉवर. त्याच्या जिवावर कपाट, शेगडी, पाण्याची टाकी आणि आम्ही दोघं.

पाचव्या गिअरमध्ये खऱ्या १०० च्या वेगाला टॅकोमीटर ३,७०० च्या आसपास असतो. डिझेलला स्पार्क नसतो, म्हणून या टॅकोला सिग्नल अल्टरनेटरच्या डब्ल्यू टोकावरून येतो. पण आकडा बघायची गरज कुणाला? आवाजच पुरेसा. बायको म्हणते, "तू काय विचारलंस त्याचं उत्तर हॅनोव्हरला पोचल्यावर देते." गिअरबॉक्स खोलून पाचवा गिअर लांब करणं हा खरा इलाज, आणि तो खिशाला न झेपणारा. म्हणून मोठे टायर.

सकाळी ८
लिफ्टवर घ्यायच्या आधीच टायरवर आणि जमिनीवर खडूची रेघ मारून चाक एक फेरा ढकललं होतं. मूळ १८५ आर १४ सी टायर एका फेऱ्यात १.९८ मीटर जातो. कागदावरच्या ६५० मिलिमीटर व्यासाला पायने गुणलं तर २.०४ येतात, पण ओझ्याखाली रबर दबतं. टेपच खरा.

आता निवड. २०५/६५ आर १६ सी घेतला तर व्यास ६७३, म्हणजे साडेतीन टक्के जास्त. २१५/६५ आर १६ सी घेतला तर ६८६, साडेपाच टक्के. दोन्ही आकार फोक्सवागनच्याच पुढच्या व्हॅनवर सर्रास दिसतात, आणि मर्सिडीजच्या रिमचे पाच नट टी-३ सारख्याच ११२ मिलिमीटरच्या वर्तुळात बसतात, त्यामुळे सामान जमवायला अडचण नाही. ओढ मोठ्या टायरकडेच जाते. साडेपाच टक्क्यांनी ३,७०० चे ३,५०० होतात!

मी लहान घेतला. टायर वाढवला की फक्त पाचवा गिअर लांब होत नाही, पहिलाही होतो आणि रिव्हर्सही. कॅम्पिंगच्या ओल्या कुरणातून चढावर गाडी बाहेर काढताना क्लच किती सोसतो हे ज्याने एकदा नाकाने अनुभवलंय, तो पहिल्या गिअरमधला एक टक्काही फुकट देणार नाही. ब्रेकचंही तेच. चाकाची त्रिज्या वाढली की तेवढ्याच पॅडने जास्त जोर लावायचा.

सकाळी १०
जुनी चाकं उतरली. नटाची बैठक आणि रिमचं भोक यांचा आकार जुळतो का, गोल की शंकूसारखा, हे प्रत्येक भोकात बोट घालून बघायचं. वरवर बसल्यासारखा दिसणारा नट रस्त्यावर सैल होतो. टायरच्या कडेवर १०७/१०५ लिहिलंय: १०७ म्हणजे एका चाकावर ९७५ किलो. मूळ टायरचा भारांक १०२, म्हणजे ८५० किलो. इथे कमी चालत नाही, जास्त चालतं.

पुढची चाकं दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिली. घासत नाहीत. मग गाडीच्या नाकाखालच्या ट्रेत स्टेपनी सरकवून बघितली, तर नवीन चाक आत जाईना. जुनी १४ इंचीच तिथे राहणार. पंक्चर झालं तर हळूहळू जवळच्या टायरवाल्यापर्यंत, बस्स. कॅम्परवाले मोठ्या टायरचं कौतुक करताना हा ट्रे हमखास विसरतात.

दुपारी १२
तपासनीस. जर्मनीत कागदांत नसलेला टायर लावून हिंडता येत नाही. बदल तपासून घ्यायचा, मगच पुढे. त्याने आधी रिमचे भाराचे कागद मागितले, मग स्पीडोमीटर. या गाडीत स्पीडोची केबल पुढच्या डाव्या चाकाच्या टोपीतून फिरते, तेव्हा चाक मोठं झालं की काटा मागे पडणार. नियम असा की काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवलं तर मर्यादेपर्यंत चालतं. आमचा काटा पूर्वी १०० दाखवायचा तेव्हा जीपीएस ९५ म्हणायचं. आता ९८. शिक्का मिळाला. साडेपाच टक्के घेतले असते तर काटा बरोबर काठावर आला असता.

दुपारी ३
ए-७ महामार्गावर दक्षिणेला, कासेलच्या डोंगराकडे. सपाटीवर टॅको ३,५७५ च्या आसपास. आवाज बंद झाला असं मुळीच नाही. पण पत्र्याचा एक विशिष्ट थरथराट होता, तो आता ११० च्या पुढे सरकलाय.

मग वेरा नदीचा पूल ओलांडून लुटरबर्गचा चढ. पाचव्यात गाडी उठेना. इंजिनाचा सगळ्यात जास्त जोर २,५०० फेऱ्यांच्या आसपास, हे खरं. पण जोर असणं आणि वेग टिकवायला लागणारी ताकद असणं वेगळं. पॅडल तळाला, वेग घसरतोय, पाण्याचा पंप इंजिनाबरोबर मंदावलेला, उष्णता मात्र पूर्ण. अशात हट्ट धरला तर हेडला तडा जायची वेळ येते. चौथा टाकला. टॅको पुन्हा वर, आणि पूर्वी जिथे तिसरा लागायचा नाही तिथे आज ट्रकमागे तिसराही लागला. घाटात साडेतीन टक्के परत द्यावे लागतात, थोड्या व्याजासकट.

संध्याकाळी ६
परतताना पेट्रोल पंपावर टॉर्क पान्याने सगळे नट पुन्हा तपासले. नवीन रिमवर पहिल्या काही किलोमीटरनंतर हे करायचंच. पाठीमागच्या डावीकडचा एक किंचित फिरला.

"मग? आल्प्सला जायचं का यावर्षी?" बायकोने विचारलं. पूर्वीपेक्षा हळू आवाजात, हे मी ऐकलं.

उत्तर समुद्राकडे, म्हटलं. तिकडे सगळं सपाट आहे.