दोन माणसांची होडी

चूक माझी होती, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

कोपरखैरण्यात राहायला आलो त्याला तीस वर्षं होत आली. शाळेत मराठी शिकवायचो. निवृत्त झाल्यावर सकाळी खाडीकडे फिरायला जायची सवय लागली. तिवरांच्या पलीकडे काही होड्या चिखलात टेकलेल्या असतात, पाणी आलं की आपोआप उठतात. त्यातल्या एका होडीचे मालक माझ्या जुन्या विद्यार्थ्याचे वडील. वयाने माझ्या बरोबरीचे, मी त्यांना दादा म्हणतो, ते मला अजून सरच म्हणतात. एकदा त्यांनी एक फॉर्म आणून दिला. मासेमारी करणाऱ्यांची गणना चालू होती, होडीची माहिती भरून द्यायची होती. "तुमी सुद लिवाल," म्हणाले.

मी विचारलं, होडी केवढी आहे? ते म्हणाले, "आमची कसली बोट सर, होरकं हाय. दोन मानसांची." मी शुद्ध मराठीत लिहिलं: लहान होडी, क्षमता दोन व्यक्ती. महिन्याभराने त्या कार्यालयातून विचारणा आली: सदर नौका व्यवसायासाठी वापरली जाते की हौसेसाठी?

दोन माणसांची होडी म्हणजे जी चालवायला दोन माणसं लागतात ती. एक वल्ह्यावर नाहीतर मशीनवर, दुसरा जाळ्यावर. तिच्यात बसायचंच म्हटलं तर आठ माणसं आरामात बसतील. हे खाडीवरच्या लहान पोरालाही कळतं, मला कळलं नव्हतं. 'दोन माणसांची' ऐकल्यावर माझ्या डोळ्यांसमोर तलावातली पायडल मारायची बदकाची होडी आली असणार, आणि फॉर्म तपासणाऱ्याच्याही तीच आली.

तेव्हापासून मी एक छंद लावून घेतला. होडीवाला माणूस होडी नसलेल्याला आपल्या होडीबद्दल काय सांगतो, ते ऐकायचं आणि वहीत उतरवायचं. कोपरखैरणे, घणसोली, वाशीगाव, जुहूगाव, दिवाळे इथे जमेल तसा फिरलो. या नोंदींना संशोधन म्हणायला मला संकोच वाटतो, पण जे हाती लागलं ते मांडण्याजोगं आहे.

पहिली गोष्ट नावाची. एकाच होडीला तिचा मालक दिवसभरात तीन नावांनी हाक मारतो. घरात आणि किनाऱ्यावर ती होरी. आगरी-कोळी बोलीत ड चा र होतो, घोडा घोरा होतो, तशी होडी होरी होते. फ्लेमिंगो बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर तीच बोट होते, कारण होडी म्हटलं की पाहुण्यांना ती बुडेल असं वाटतं. आणि सरकारी कागदावर ती नौका: यांत्रिकी किंवा बिगर यांत्रिकी. माझ्या वहीत एका मालकाचं वाक्य आहे, ते त्याने हसत सांगितलं होतं: होरी आपली, बोट गिऱ्हाइकाची, नौका साहेबाची.

मग लहानमोठेपणाचा प्रश्न. मराठीला इथे एक सोय आहे जी इंग्रजीला नाही. इंग्रजांनी सगळ्या जहाजांना 'ती' म्हणून टाकलं. 'लॉइड्स लिस्ट' या लंडनच्या जुन्या नौकानयनपत्राने २००२ मध्ये ते सोडून 'ते' लिहायला सुरुवात केली तेव्हा तिकडे बरीच आरडाओरड झाली. आपल्याकडे होडी ती, मचवा तो, गलबत ते, पडाव पुन्हा तो. आणि होडीचं होडकं केलं की लिंग बदलतं आणि मापही उतरतं.  फरक इतकाच की होडीवाला 'होडकं' म्हणतो तेव्हा तो माप सांगतच नसतो. तो दृष्ट काढत असतो. परक्या माणसापुढे आपली होडी, आपलं जाळं, आजची मासळी मोठी म्हणायची नाही, हा किनाऱ्यावरचा रिवाज. मासळी किती मिळाली विचारलं तर टोपली भरलेली असली तरी उत्तर 'खायापुरती'. मुलीकडच्या सोयऱ्यांसमोर मात्र हीच होडी चांगली ऐसपैस होते, तेही मी ऐकलं आहे. म्हणजे ऐकणारा कोण यावर होडीचं आकारमान ठरतं, आणि फॉर्मला हे माहीत नसतं. तो 'होडकं' शब्दशः घेतो.

होडीची लांबी मी ज्यांना ज्यांना विचारली त्यांतल्या फार थोड्यांनी सरळ आकडा सांगितला. सांगितला तो फुटांत किंवा हातांत, मीटरमध्ये कोणीच नाही. खोली मात्र बहुतेक सगळे न विचारता सांगतात, आणि ती होडीची नव्हे, पाण्याची. "गुडघाभर पान्यान जाते" हे खाडीतल्या होडीचं मोठं कौतुक. ठाणे खाडीत ओहोटीला, इथल्या शब्दात सुकतीला, पाणी इतकं मागे जातं की मैलभर चिखल उघडा पडतो. तिथे मोठी होडी असणं म्हणजे दिवसाचे सहा तास चिखलात अडकून बसणं. समुद्रावरचा ट्रॉलरवाला आपली बोट सिलिंडरमध्ये सांगतो, सहा सिलिंडरची म्हटलं की समोरचा समजतो. खाडीवाला तसं काय सांगणार? वल्ह्याला सिलिंडर नसतो. ज्यांच्याकडे मागे लावायचं मशीन आहे, ज्याला ते ओबीएम म्हणतात, तेही ते उचलून घरी नेतात आणि होडीच्या वर्णनात धरत नाहीत.

वर्णनाचं दुसरं परिमाण म्हणजे काम. ही डोलीची होडी, ही पागाची, ही चिंबोऱ्यांची. डोल म्हणजे वाहत्या पाण्यात तोंड उघडं ठेवून बांधायचं पिशवीसारखं जाळं, पाग म्हणजे हाताने फेकायचं. जे काम होडी करते त्यावरून तिचं नाव. जगभर आधी असंच होतं, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. आज जहाजाचा आकार टनांत सांगतात. त्या टनाचं मूळ दारूच्या पिंपात आहे. जहाजात किती पिंपं मावतात त्यावर इंग्लंडात कर बसायचा. आपल्याकडे गलबतं खंडीवर मोजली जायची, वीस मणांची एक खंडी. याच खाडीत वर कळवा-मुंब्र्याकडे रेती काढणाऱ्यांच्या होड्या होत्या. पाण्यात बुडी मारून बादलीने रेती काढायची, त्याला डुबी म्हणत. त्या होड्यांचं माप ब्रासमध्ये सांगत, शंभर घनफुटांचा एक ब्रास. माल बदलला की माप बदललं. लांबी-रुंदी हे माप होडी न वापरणाऱ्याचं: ज्याला ती कागदावर काढायची आहे किंवा धक्क्याला किती जागा लागेल ते बघायचं आहे त्याचं.

सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या आरमाराची यादी आहे: गुराबा, तरांडी, तारवे, गलबते, शिबाडे, पगार. एकाचीही लांबी दिलेली नाही. वाचणाऱ्याला नाव पुरेसं होतं. ते शब्द ज्यांना कळत होते ती माणसं गेली आणि आज अभ्यासकांना शिबाड म्हणजे नक्की काय यावर पानंच्या पानं लिहावी लागतात. आमच्या डोळ्यांदेखत हेच चाललं आहे. होडीच्या पुढच्या टोकाला नाळ आणि मागच्याला वरामा म्हणतात. हे शब्द मोल्सवर्थच्या १८५७च्या कोशात आहेत, दादांच्या तोंडी आहेत, दादांच्या मुलाच्या तोंडी नाहीत. तो 'पुढचं' आणि 'मागचं' म्हणतो. तो ऐरोलीच्या एका कंपनीत नोकरीला आहे, त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

तिसरं परिमाण वेळेचं, आणि मला स्वतःला हे सर्वांत आवडलं. 'तुमची होडी कधी निघते?' याचं उत्तर घड्याळात मिळत नाही. तिथी सांगतात. तिथीची पाऊणपट करायची, तो भरतीचा तास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती पूर्ण. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. खाडीत जसजसं आत जावं तशी भरती थोडी उशिरा पोचते, तेवढं पदरचं मिळवायचं. मी गणिताच्या एका सहकाऱ्याला हे सांगितलं तर तो बराच वेळ गप्प झाला, मग कागद घेऊन बसला आणि म्हणाला, बरोबर येतंय की. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा जास्त उशीर करतो, त्याचंच हे सोपं रूप. त्यातही पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला होडी कुठवर जाईल आणि अष्टमीच्या भांगाला कुठवर, हे वेगळं. म्हणजे 'ही होडी कोपरखैरण्याहून कुठे जाते?' या प्रश्नाचं उत्तर महिन्यात दोनदा बदलतं. फॉर्ममध्ये 'कार्यक्षेत्र' असा एक रकाना होता. तिथे मी 'ठाणे खाडी' लिहिलं होतं.

आणि वय. फॉर्ममध्ये 'बांधणीचे वर्ष' होतं. दादा म्हणाले, बाबांच्या वेळची. नंतर बोलता बोलता कळलं की तळाच्या फळ्या दोनदा बदलल्या, कडा एकदा, वरून फायबरचा थर दिला. बाबांच्या वेळचं लाकूड त्यात कितपत उरलं आहे देव जाणे. ग्रीक लोक थिसियसच्या जहाजावरून हाच वाद घालत, असं प्लुटार्कने लिहून ठेवलं आहे: सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच का? दादांना हा प्रश्न सांगितला. त्यांना त्यात वाद घालण्यासारखं काही दिसलं नाही. नारळी पौर्णिमेला जिची पूजा होते ती तीच होडी. कारकुनाला मात्र एक साल हवं असतं.

एवढ्याशा फॉर्मवर इतका काथ्याकूट कशाला, असं कोणी म्हणेल. त्याचं कारण या गावाच्या इतिहासात आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि इथली भातशेती, मिठागरं शहरासाठी गेली. ज्याची जमीन गेली त्याच्याकडे सातबारा होता. त्या कागदावर त्याचं नाव होतं, क्षेत्र होतं, हद्दी होत्या. १९८४च्या जानेवारीत जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जणांचे बळी गेले, त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. ते मोजता आलं, कारण जमीन मोजलेली होती. पाण्याला सातबारा नाही. याच खाडीवर १९७३ मध्ये वाशीचा पहिला पूल झाला, १९९२ मध्ये रेल्वेचा, १९९७ मध्ये दुसरा, १९९९ मध्ये ऐरोलीचा, आणि आता वाशीचा तिसरा. प्रत्येक पुलाच्या खांबांनी प्रवाह थोडा थोडा बदलतो, गाळ साचतो, जाळं लावायची जागा जाते. ते कोणाचं गेलं? दाखवायला होडी असते आणि होडीबद्दल माणूस जे सांगेल ते असतं.

तिसऱ्या पुलाच्या वेळी वाशीगावच्या मच्छीमारांची सहकारी संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. २०२१च्या ऑगस्टमध्ये निकाल लागला. रूढीने चालत आलेल्या मासेमारीवर प्रकल्पाचा परिणाम होत असेल तर भरपाई दिली पाहिजे, ही गोष्ट त्यात मान्य झाली. मोठीच गोष्ट. पण भरपाई म्हटली की यादी आली, यादी म्हटली की रकाने आले. त्यातच २०१५ मध्ये खाडीचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये ती रामसर पाणथळ जागांच्या यादीत गेली. पक्षी मोजले जातात, तिवरं उपग्रहावरून मोजली जातात, आणि ते व्हायलाच हवं. पण होडी उपग्रहावरून दिसली तरी दोन माणसांची आहे हे दिसत नाही.

तर त्या विचारणेचं उत्तर. दादा आणि मी एका रविवारी होडीतच बसलो, पाणी यायला अवकाश होता. मी या खेपेला विचारायचं सोडलं आणि ते सांगतील तसं लिहीत गेलो. लांबी मोजायला टेप नेली होती. मोजली, मीटरमध्ये लिहिली, कारण ती लागतेच. तिच्यापुढे लिहिलं: चालविण्यास दोन माणसे लागतात, दोघेही घरातील. त्यापुढे: गुडघाभर पाण्यात चालते म्हणून सुकतीनंतरही काम करता येते. जाळी कोणती, महिन्यातले साधारण किती दिवस, उधाणाला कुठवर, भांगाला कुठवर. मासळी कोण विकतं, तर घरातली बाई विकते, तीही या होडीवरच पोट भरते. हे फॉर्ममध्ये विचारलंच नव्हतं, आम्ही समासात लिहिलं. 'बांधणीचे वर्ष' या रकान्यात दादांनी पुष्कळ विचार करून फायबर कधी दिलं ते साल सांगितलं, आणि कंसात मूळ होडी वडिलांची असं घालायला लावलं.

'होडकं' हा शब्द कुठेही येऊ दिला नाही. "असं कसं सर, मोठी मोठी बोलायची?" म्हणून ते जरा अस्वस्थ झाले. मी म्हटलं, इथे दृष्ट लागत नाही, इथे नुसतं वाचतात. ते हसले, पण नाळेवरच्या हळदीकुंकवाला हात लावून आले.

कागद जमा झाला आहे, पोच मिळाली आहे. पुढचं अजून कळलेलं नाही. मी अधूनमधून विचारतो, ते म्हणतात बघू. परवा एक तरुण जोडपं किनाऱ्यावर आलं होतं, मुलीने दादांना विचारलं, काका, ही बोट किती लोकांची आहे? दादांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, बसायचे आठ, चालवायचे दोन.